मिरजेच्या तंतुवाद्यांचें ऐतिह्य : एक परीक्षण

इ. स. २०२४ च्या मार्च महिन्यांत मिरजेची सतार व मिरजेचा तंबोरा ह्या दोन वाद्यांस भौगोलिक मानांकन मिळालें. जी वस्तु एखाद्या गांवाच्या नांवानें ओळखली जाते तिचें नांव त्या प्रांताबाहेरच्या मालास कोणीं लावूं नये, हा १९९९ च्या कायद्याचा मुख्य आशय. परंतु कारागिरांच्या दृष्टीनें पाहतां हें त्यांच्या हस्तकौशल्याचें जाहीर प्रमाणपत्रच होय. त्याविषयीं आम्हांस आनंद वाटतो, आणि तो आरंभींच नमूद करणें उचित आहे. कारण पुढील विवेचनांत आम्ही जे आक्षेप घेणार आहों ते कारागिरांच्या कौशल्यावर नसून, त्यांच्या नांवानें सांगितल्या जाणाऱ्या इतिहासावर आहेत.

मानांकनाच्या प्रसंगीं वर्तमानपत्रांतून जो वृत्तांत प्रसिद्ध झाला त्यांत असें विधान होतें कीं, मिरजेंतील सतार-तंबोऱ्यांची परंपरा तीनशें वर्षांहून अधिक जुनी असून कारागिरांच्या सातांहून अधिक पिढ्यांनीं ती चालविली आहे. हें झालें पहिलें मत. दुसरें मत मिरजेंत व गायकवादकांच्या मंडळींत पूर्वापार सांगितलें जातें. तें असें : फरीदसाहेब नांवाचे एक शिकलगार, म्हणजे हत्यारांस धार व झिलई देणारे कारागीर, मिरजेंत होते. संस्थानच्या आश्रयास येणाऱ्या गवयांचीं वाद्यें उत्तरेकडून आणलेलीं असत, आणि तीं बिघडलीं म्हणजे दुरुस्त करणारा येथें कोणी नसे. तें काम फरीदसाहेबांकडे आलें. दुरुस्ती करतां करतां त्यांनीं वाद्यांचें अंतरंग ओळखलें, आणि साधारण १८५० च्या सुमारास ते स्वतः नवीं वाद्यें घडवूं लागले. तिसरें मत आमच्यासारख्या संस्कृताभ्यासी लोकांत विशेष आढळतें. तंबोरा ही तुंबुरु गंधर्वाची वीणा होय, आणि म्हणून ही विद्या पुराणकालापासून अखंड चालत आलेली आहे, असें हे लोक मानतात.

हीं तीनहि मतें एकाच परिच्छेदांत गोंवण्याची रीत अलीकडे पडली आहे. जणूं कांहीं तीं एकमेकांस पूरकच आहेत! वास्तविक त्यांचा काल निराळा, स्थल निराळें, आणि श्रेय ज्याच्या पदरीं पडतें तो मनुष्यहि निराळा. पुराणकालापासून विद्या अखंड असेल तर फरीदसाहेबांनीं नवें कांहींच केलें नाहीं. तीनशें वर्षांपूर्वीं मिरजेंत वाद्यें होत असतील तर १८५० च्या सुमारास दुरुस्त करणारा कोणी नव्हता हें सांगणें खोटें पडतें. तेव्हां ह्यांपैकीं कोणतें मत प्रमाणावर टिकतें, हें पाहिल्याशिवाय गत्यंतर नाहीं.

प्रथम संख्येचा विचार करूं. सात पिढ्या आणि तीनशें वर्षें हीं दोन परिमाणें एकाच वाक्यांत येतात. परंतु तीं एकमेकांशीं जुळतात काय, हें पाहण्याची तसदी कोणीं घेतलेली दिसत नाहीं. तीनशेंस सातांनीं भागिलें असतां एका पिढीस सुमारें त्रेचाळीस वर्षें येतात. बाप त्रेचाळिसाव्या वर्षीं प्रथम मुलाचा बाप होतो, आणि असें सलग सात वेळां घडतें, हें ज्या समाजांत लग्नें लहानपणीं होत त्या समाजांत संभवनीय नाहीं. वंशावळींचा काल ठरवितांना संशोधक सामान्यतः पिढीस पंचवीस वर्षें धरतात. त्या हिशोबानें सात पिढ्यांचीं एकशें पंचाहत्तर वर्षें होतात. आणि २०२४ मधून एकशें पंचाहत्तर वजा केलीं असतां १८४९ हें वर्ष निघतें! म्हणजे वृत्तांतांतील एक अंक दुसऱ्या अंकाचें खंडन करितो, आणि फरीदसाहेबांच्या हकीकतीचें अनपेक्षितपणें मंडन करितो. सातांहून एखाददुसरी पिढी अधिक धरली तरी अठराव्या शतकाचा अखेरचा भाग येईल. त्याच्या आरंभापर्यंत आपण पोंचत नाहीं. घराण्यांतील माणसांनीं पिढ्यांची गणती बहुधा बरोबर ठेविली आहे. शतकांची गणती मात्र कोणीतरी मागाहून जोडली आहे, असें अनुमान करण्यास प्रत्यवाय नाहीं.

आतां राजकीय इतिहासाची कसोटी लावूं. तीनशें वर्षें मागें गेलों म्हणजे आपण १७२४ च्या सुमारास येतों. त्या वेळीं मिरज मोगलांच्या अंमलाखालीं होती. शाहू छत्रपतींनीं ती १७३९ मध्यें जिंकून घेतली. पटवर्धनांकडे मिरजेचा किल्ला आला तो त्याहूनहि मागून, म्हणजे १७६१ च्या सुमारास. गवयांस आश्रय देणारा दरबार, त्या दरबारांत जमलेलीं वाद्यें, आणि त्या वाद्यांकरितां लागणारा कारागीर, अशी जी साखळी ह्या हकीकतीचा प्राण आहे, तिचा पहिलाच दुवा १७२४ मध्यें अस्तित्वांत नव्हता.

सतारीच्या बाबतींत तर अडचण याहूनहि मोठी आहे. सतार अमीर खुस्रोनें (१२५३–१३२५) शोधून काढली, असें आपण शाळेंत शिकत आलों. कॅप्टन विलर्ड ह्यानें १८३४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या हिंदुस्थानी संगीतावरील ग्रंथांतहि तसेंच म्हटलें आहे. परंतु खुस्रोच्या स्वतःच्या कालांतील कोणत्याहि लेखांत ह्या शोधाचा आधार मिळत नाहीं. निजामुल्मुल्काबरोबर दिल्लीस गेलेल्या दर्गाह कुली खान ह्यानें १७३८ ते १७४१ च्या दरम्यानच्या दिल्लीचें जें वर्णन फारशींत लिहून ठेविलें आहे, त्यांत सतारवादनाचा उल्लेख येतो, आणि सतारीच्या अत्यंत जुन्या विश्वसनीय उल्लेखांत त्याची गणना होते. म्हणजे दिल्लीच्या उमरावांच्या मैफलींतहि जी वस्तु अठराव्या शतकाच्या दुसऱ्या चरणांत नुकती डोकें वर काढीत होती, ती त्यापूर्वींच कृष्णाकांठीं तयार होत होती असें मानावें लागेल. असें मानण्यास मोठा पुरावा हवा, आणि तो कोणींहि पुढें केलेला नाहीं.

येथपर्यंत फरीदसाहेबांची हकीकत विजयी झाल्यासारखी दिसते. परंतु परीक्षकानें जो नियम एकास लावला तोच दुसऱ्यास लावला पाहिजे. ही हकीकत सांगणाऱ्यांपैकीं कांहींजण आश्रयदाते म्हणून श्रीमंत बाळासाहेब पटवर्धनांचें नांव घेतात. ज्या बाळासाहेबांची संगीतप्रेमाबद्दल महाराष्ट्रांत ख्याति आहे, ते गंगाधरराव बाळासाहेब १८७५ मध्यें गादीवर आले, आणि १९३९ पर्यंत त्यांची कारकीर्द चालली. विष्णु दिगंबर पलुसकर मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशीं शिकले व १८९६ मध्यें तेथून बाहेर पडले, तें ह्याच बाळासाहेबांच्या छत्राखालीं. ह्यांचा जन्म १८६६ चा. सबब १८५० च्या सुमारास फरीदसाहेबांस उत्तेजन देणारे हे बाळासाहेब असूं शकत नाहींत. एक तर काल पुढें ओढला पाहिजे, किंवा आश्रयदाता निराळा मानला पाहिजे. आमच्या मतें येथें तोंडीं हकीकतींत नेहमीं घडतें तेंच घडलें आहे. लोकांच्या स्मरणांत जो राजा शेवटचा व सर्वांत प्रसिद्ध, त्याच्या नांवावर मागील राजांचींहि कृत्यें जमा होतात. हकीकतीचा गाभा ह्यामुळें खोटा ठरत नाहीं. पण तिचा तपशील जसाच्या तसा स्वीकारण्याजोगा नाहीं, हें मात्र ठरतें.

आतां तिसऱ्या मताकडे वळूं. हें मत आमच्याच पाठशाळेंतील असल्यामुळें त्याची परीक्षा अधिक कठोरपणें करणें आमचें कर्तव्य आहे. ‘तंबोरा’ हा शब्द ‘तुंबुरु’ ह्या नांवावरून आला, असें सांगतांना आपण एक गोष्ट विसरतों. तुंबुरूच्या वीणेचें नांव आपल्या कोशकारांनीं सांगून ठेविलें आहे. बाराव्या शतकांतील हेमचंद्राच्या अभिधानचिंतामणींत सरस्वतीची कच्छपी, नारदाची महती, विश्वावसूची बृहती, आणि तुंबुरूची कलावती अशी यादी आहे. तुंबुरूच्या वाद्यास त्याच्याच नांवाचें वाद्य म्हणण्याचा प्रघात त्या काळीं असता, तर कोशकारास कलावतीची आठवण देण्याचें कारण नव्हतें. उलटपक्षीं फारशी ‘तंबूर’ हा शब्द लांब दांडीच्या तंतुवाद्यास पश्चिम आशियांत फार प्राचीन कालापासून रूढ आहे. आणि अकबराच्या दरबारांतील कलावंतांची जी यादी अबुल फज्लानें आईन-इ-अकबरींत दिली आहे, तींत हेरातच्या उस्ताद युसुफाचें नांव तंबूरवादक म्हणून आलें आहे. ह्यानंतर सतराव्या शतकांत अहोबलाच्या संगीतपारिजातांत तुंबुरूच्या नांवाचें वाद्य दिसूं लागतें, आणि त्याचे निबद्ध व अनिबद्ध, म्हणजे पडद्यांचें व बिनपडद्यांचें, असे दोन प्रकार सांगितले जातात. शब्दांचा हा क्रम लक्षांत घेतला म्हणजे तुंबुरूपासून तंबोरा झाला नसून, तंबूर ह्या आगंतुक शब्दास पंडितांनीं गंधर्वाचें गोत्र दिलें, असेंच म्हणावें लागतें. परकी शब्दास संस्कृत वेष चढविण्याची ही रीत आपल्या भाषांत नवी नाहीं. भोपळ्यास संस्कृतांत ‘तुंब’ म्हणतात. त्या ध्वनिसादृश्यानें ह्या कल्पनेस बळकटी आली असावी.

परंतु नांव परकें म्हणून वस्तुहि परकी, असा उलट निष्कर्ष काढणारेहि तितकेच चुकतात. इराणी तंबूर हें पडद्यांचें व स्वर वाजविण्याचें वाद्य. आपला तंबोरा बिनपडद्याचा, केवळ आधारस्वर देणारा. ह्या दोहोंचा देह निराळा आहे. आणि त्या देहाचें जें मर्म, म्हणजे जवारी, त्याविषयीं संस्कृत ग्रंथांतून जो पुरावा मिळतो तो खरोखर विचार करण्यासारखा आहे.

देवगिरीच्या यादव सिंघणाच्या पदरीं असलेल्या शार्ङ्गदेवानें तेराव्या शतकाच्या पूर्वार्धांत संगीतरत्नाकर रचला. मंगेश रामकृष्ण तेलंग ह्यांनीं संपादिलेली त्याची आवृत्ति पुण्याच्या आनंदाश्रमानें १८९६-९७ मध्यें प्रसिद्ध केली, तेव्हांपासून तो ग्रंथ सर्वांस सुलभ झाला. तथापि त्याचा सहावा म्हणजे वाद्याध्याय कारागिराच्या दृष्टीनें वाचणारे थोडेच. त्यांत एकतंत्री वीणेचा दंड खैराच्या लाकडाचा, तीन हात लांबीचा असावा, असें सांगितलें आहे. भोपळा, ककुभ, पत्रिका, दोरक ह्या भागांचें वर्णन दिलें आहे. किन्नरी वीणेच्या सारिका, म्हणजे पडदे, गिधाडाच्या हाडाच्या किंवा धातूच्या कराव्या, आणि मेणांत जळक्या कापडाची राख मिसळून त्या बसवाव्या, इतकी बारीक कृति तेथें आहे. ही माहिती पोथी पाहून लिहिलेली नव्हे; कोणा वाद्य घडविणाऱ्याच्या शेजारीं बसल्याशिवाय राखेचें प्रमाण ग्रंथांत येत नाहीं. त्याच ठिकाणीं तारेखालीं पत्रिकेवर ठेवावयाच्या वेळूच्या बारीक चोईचा उल्लेख आहे. तिला शार्ङ्गदेव ‘जीवा’ म्हणतो, आणि तिच्यामुळें नाद उमटतो असें सांगतो.

तंबोऱ्याची जवारी ज्यानें पाहिली आहे त्यास ह्या जीवेचें महत्त्व सांगावयास नको. तंबोऱ्याची घोडी धारदार नसते. तिचा माथा रुंद व किंचित् उतरता असतो. कंप पावणारी तार त्या उतारावर क्षणोक्षणीं टेकते व सुटते. आणि तारेखालीं सूत सरकवून तिच्या टेकण्याची नेमकी जागा साधली म्हणजे तो सर्वपरिचित झंकार उत्पन्न होतो. चंद्रशेखर व्यंकट रामन ह्यांनीं १९२१ मध्यें ह्याच विषयावर निबंध लिहिला. साध्या तारेस ज्या बिंदूवर छेडावें त्या बिंदूशीं ज्या उपस्वरांचा कंप शून्य असतो ते उपस्वर उमटूं नयेत, असा नियम आहे. परंतु वीणा व तंबोरा ह्यांच्या घोडीमुळें तेहि स्पष्ट ऐकूं येतात, असें त्यांनीं दाखवून दिलें. जी गोष्ट रामन ह्यांनीं प्रयोगानें सिद्ध केली, तिचा उपयोग देवगिरीच्या कारागिरास सातशें वर्षांपूर्वीं अनुभवानें ठाऊक होता. ‘जवारी’ हा शब्दच ‘जीवा’ पासून निघाला, असें कांहींजण म्हणतात. मधल्या शतकांतील रूपें दाखविल्यावांचून आम्ही तसें ठामपणें म्हणणार नाहीं. कार्याचें साम्य निर्विवाद आहे. शब्दाचें साम्य सिद्ध व्हावयाचें आहे.

परंतु येथेंहि एक मर्यादा पाळली पाहिजे. देवगिरीस तेराव्या शतकांत तत्त्व ठाऊक होतें, एवढ्यावरून देवगिरीपासून मिरजेपर्यंत कारागिरांची अखंड गुरुपरंपरा होती, असें सिद्ध होत नाहीं. तत्त्व एकदां प्रसृत झालें म्हणजे तें अनेक वाटांनीं फिरतें. उत्तरेंत जाऊन परतहि येतें. मिरजेच्या हकीकतींत वाद्यें उत्तरेंतून आलीं असें जें सांगतात, त्याचा आणि शार्ङ्गदेवाच्या साक्षीचा म्हणून विरोध येत नाहीं. आमचा निष्कर्ष असा कीं, तंबोऱ्याचें नांव एका देशाचें, त्याचा जीव दुसऱ्या देशाचा, आणि मिरजेंतील त्याची घडण ही तिसऱ्याच एका कुलाची कमाई आहे. ह्या तिहींचें श्रेय एकाच्या पदरांत घालणें म्हणजे उरलेल्या दोघांचें हिरावून घेणें होय.

त्या कुलाचा विचार आतां थोडा करूं. शिकलगार हा शब्द ‘सैकल’ म्हणजे झिलई, ह्यापासून झाला आहे. १८१८ नंतर पेशवाई गेली, फौजा मोडल्या, आणि तरवारीस पाणी देणाऱ्या लोकांचा धंदा बसत गेला. अशा वेळीं कानशीचा हात असलेल्या कारागिरानें दुसरें काम पत्करावें, हें स्वाभाविक आहे. परंतु त्यानें तंबोऱ्याचेंच काम पत्करावें ह्यांत आम्हांस केवळ योगायोग दिसत नाहीं. जवारी काढणें म्हणजे घोडीच्या माथ्यावरून कानस इतक्या हलक्या हातानें फिरविणें कीं, केसभर अधिक घासलें तर स्वर बंद पडावा, आणि केसभर कमी घासलें तर तो बोथट रहावा. सुताराचा हात लाकूड जोडण्यांत तयार असतो. पृष्ठभागाची इतकी सूक्ष्म पारख धार लावणाऱ्याच्याच बोटांत असते. म्हणून शिकलगाराचा सतारमेकर झाला ही गोष्ट, कागद सांपडेपर्यंत, आम्ही संभवनीयतेच्या वरच्या पायरीवर ठेवतों. त्या घराण्यांचें ‘सतारमेकर’ हें आडनांव, ज्यांत मराठी सतार आणि इंग्रजी प्रत्यय एकत्र नांदतात, तेंहि एकोणिसाव्या शतकाचीच साक्ष देतें. अठराव्या शतकाच्या आरंभीं असें आडनांव पडणें शक्य नव्हतें.

स्थलाचाहि एक पुरावा आहे. तंबोऱ्याचा भोपळा भाजीचा नव्हे. तो कडू, जाड सालीचा व मोठ्या घेराचा असावा लागतो. मिरजेस तो पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूनें येतो. दांडी-तबलीकरितां तुणीचें लाकूड कर्नाटकांतून येतें. कारागीर आधीं भोपळा निवडतो, आणि त्याच्या घेरावरून वाद्य पुरुषाच्या आवाजाचें कीं स्त्रीच्या, हें ठरतें. उत्तर दिशेचा भोपळा आणि दक्षिण दिशेचें लाकूड जेथें गांठ घेतात असें हें गांव आहे. पंढरपुरास वारकऱ्यांच्या दिंडींत वीणेकऱ्याचा मान मोठा; ती वीणाहि भोपळ्याचीच. दरबारी गवयांच्या पूर्वीं ह्या प्रदेशांत वारकऱ्यांकरितां वीणा घडविणारे कारागीर होते काय, आणि फरीदसाहेबांस भोपळा पारखण्याची विद्या त्यांच्याकडून मिळाली काय, हा प्रश्न कोणींच विचारलेला नाहीं. आम्ही तो येथें विचारून ठेवतों.

हा सर्व वाद आम्ही नागपुरांत बसून कां करावा, असें कोणी म्हणेल. त्याचें उत्तर असें कीं, वाद्याची परीक्षा तें जेथें घडतें तेथें होत नाहीं. तें जेथें जातें तेथें होते. आमच्या विदर्भांत वैशाखांत पारा पंचेचाळीस अंशांच्या वर चढतो. कोरड्या हवेंत भोपळ्यास चीर जाते, सरसाचे सांधे सुटतात, तारांच्या ताणानें तबली खचते. पुढें पावसाळा येतो आणि तेंच लाकूड फुगतें. म्हणून येथील तंबोऱ्यास दुरुस्तीचे प्रसंग वारंवार येतात, आणि दुरुस्तीबरोबर इतिहास पुसला जातो. खचलेली तबली फेंकून नवी बसविली जाते. जुनी हस्तिदंताची किंवा सांबरशिंगाची घोडी काढून हाडाची किंवा लाकडाची घालतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून व त्यांतील पुढील दुरुस्त्यांपासून जुनें साहित्य वापरणेंहि शक्य राहिलेलें नाहीं. रोगण खरवडलें जातें, आणि त्याबरोबर दुकानाची चिठ्ठी, कारागिराची खूण, कधीं आंतल्या बाजूस लिहिलेली तारीख नाहींशी होते. ताम्रपट चकचकीत करण्याकरितां अक्षरांसकट घांसून काढावा, तसा हा प्रकार आहे. मिरजेची कला दुरुस्तींतून जन्मली, आणि तिचा पुरावा दुरुस्तींतच नष्ट होत आहे.

ह्यावर उपाय काय? पहिला उपाय मिरजेंतच आहे. वासुदेवशास्त्री खरे हे मिरजेच्या हायस्कुलांत संस्कृताचे शिक्षक होते. त्यांनीं पटवर्धनांच्या दप्तरांतून निवडलेलीं पत्रें ऐतिहासिक लेखसंग्रहाच्या रूपानें १८९७ पासून, १९२४ मध्यें देह ठेवीपर्यंत, खंडामागून खंड प्रसिद्ध केलीं. एका शाळामास्तरानें एकट्यानें केलेलें हें काम पाहून आजहि मान लवते. परंतु शास्त्रीबोवांचें लक्ष्य राजकारण होतें. मोहिमा, तह, वाटाघाटी ह्यांचीं पत्रें त्यांस हवीं होतीं. गवयास दिलेली बिदागी, तंबोऱ्याच्या तारांचा खर्च, वाद्य नीट करणाऱ्यास दिलेले रुपये, असल्या नोंदी त्यांच्या निवडींत मुख्य असण्याचें कारण नव्हतें. पटवर्धनांच्या सर्व शाखांच्या खासगी खर्चाच्या वह्या ह्या एका दृष्टीनें कोणीं तरी वाचल्या पाहिजेत. फरीदसाहेबांच्या नांवानें लागलेली एकच खर्चाची ओळ, तिथीसह मिळाली, तर आमचें हें सर्व तर्कट अनावश्यक होईल, आणि त्यांत आम्हांस संतोषच वाटेल.

दुसरा उपाय कारागिरांच्या हातीं आहे. जुन्या घराण्यांतील गिऱ्हाइकांच्या वह्या, मागणीचीं पत्रें, छापील चिठ्ठ्या ह्या रद्दी नव्हेत. तिसरा उपाय ज्यांच्या घरीं जुनीं वाद्यें आहेत त्यांच्या हातीं आहे. वाद्य दुरुस्तीस देण्यापूर्वीं त्याचें मोजमाप घ्यावें, छायाचित्र काढावें, चिठ्ठी असल्यास तिची नक्कल करावी, आणि काढलेली तबली किंवा घोडी परत मागून घ्यावी. कारागिरानेंहि काय काढलें व काय घातलें तें चार ओळींत लिहून द्यावें. एवढें दहा ठिकाणीं झालें तरी त्या वाद्यांचीं अंगें कालक्रमानें लावतां येतील, आणि घाट कसा बदलत गेला, घोडीचा उतार कसा बदलला, हें अनुमानानें नव्हे तर प्रत्यक्षानें सांगतां येईल.

कोणी म्हणेल, तीनशें म्हटलें काय आणि पावणेदोनशें म्हटलें काय, कारागिरांचा मान वाढत असेल तर बिघडलें कोठें? आमच्या मतें बिघडतें तें हेंच कीं, काल जितका मागें ढकलावा तितका मनुष्य पुसट होतो. शार्ङ्गदेव स्वतः यादवांचा श्रीकरणाधिप, म्हणजे हिशोबखात्याचा मुख्य होता. पण ज्यानें त्यास मेणांत राख मिसळण्याची कृति सांगितली त्याचें नांव त्यानें कोठेंहि नोंदविलें नाहीं. दंडांत शंभु, तंत्रींत उमा, भोपळ्यांत ब्रह्मदेव वास करितात, असें त्यानें सांगितलें. वीणेच्या अंगोपांगीं देव बसविले, कारागिरास मात्र जागा राहिली नाहीं. मिरजेच्या बाबतींत आपणांस नांव ठाऊक आहे, धंदा ठाऊक आहे, गांव ठाऊक आहे, आणि अदमासानें कालहि ठाऊक आहे. आपल्या कलांच्या इतिहासांत असें भाग्य क्वचितच लाभतें. तें नांव पुराणाच्या धुक्यांत किंवा तीनशें वर्षांच्या गोल आंकड्यांत बुडवून टाकणें हा त्या घराण्याचा सन्मान नव्हे.

म्हणून आमची सूचना इतकीच कीं, ह्यापुढें मिरजेच्या वाद्यांविषयीं लिहिणारांनीं ‘तीनशें वर्षांची परंपरा’ हे शब्द पुरावा मिळेपर्यंत बाजूस ठेवावे, आणि ‘एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून, फरीदसाहेब शिकलगारांपासून’ असें लिहावें. आश्रयदात्याचें नांव दप्तर पाहिल्याशिवाय घालूं नये. तुंबुरूस त्याची कलावती परत द्यावी. एवढें केल्यानें मिरजेच्या तंबोऱ्याचा एकहि स्वर उतरणार नाहीं.